गड्ड्याच्या यात्रेत फोटो काढताय? मोबाइलच्या कॅमेऱ्याला आधी या तीन गोष्टी सांगा



दोन वर्षांपूर्वी सिद्धेश्वर यात्रेत मी दोन दिवसांत चारशेच्या वर फोटो काढले आणि त्यातला एकही आज्जीला दाखवण्यासारखा निघाला नाही. माझा मामेभाऊ त्या वर्षी पहिल्यांदाच बाराबंदी घालून नंदीध्वजासोबत चालणार होता. आज्जीचे गुडघे गेलेत, तिला गर्दीत नेणं शक्य नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "फोटो काढून आण, मी घरी बसून बघते." आता मी इंजिनीअर, रोज कोड लिहिणारा, हातात चांगला पन्नास मेगापिक्सेलचा फोन. म्हटलं, यात काय अवघड आहे?

रात्री घरी येऊन आज्जीच्या हातात फोन दिला. दुपारचे फोटो बघून ती म्हणाली, "हे सगळे सारखेच दिसतेत रे. यातला आपला कुठला?" कपडे मळकट करडे आणि चेहरे काळे. संध्याकाळचे फोटो तर त्याहून वाईट, माणसांच्या जागी नुसते पांढरे फराटे. मामेभावाने डोकावून बघितलं आणि म्हणाला, "काय काढलंय बे हे?"

फोन खराब नव्हता. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने सगळं स्वतःच्या मनाने ठरवलं होतं. त्यानंतर वर्षभर मी हा विषय नीट समजून घेतला. आज तोच सांगतो. उदाहरण गड्ड्याचंच घेऊ, कारण पांढरे कपडे, कडक ऊन, चालती माणसं, रात्रीचे एलईडी आणि शोभेचं दारूकाम असे कॅमेऱ्याला चकवणारे सगळे प्रकार तिथे चार-पाच दिवसांत एकाच ठिकाणी भेटतात.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी. त्यांच्याशी लग्न करायची इच्छा धरलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, अशी कथा आहे. तोच विवाहसोहळा दरवर्षी मकर संक्रांतीच्या दिवसांत यात्रा म्हणून साजरा होतो. मानाचे सात नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघतात. बहुतेक वर्षी १३ जानेवारीच्या सुमारास, भोगीला, तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. संक्रांतीला होम मैदानावर होमविधी होतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम. होम मैदानावर पाळणे आणि स्टॉल लागतात, तो गड्डा. अनेक भक्तांच्या अंगावर पांढरीशुभ्र बाराबंदी असते. हा पांढरा रंग लक्षात ठेवा.

कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही

घरी एक प्रयोग करा. पांढरा टॉवेल (सोलापूरकरांच्या घरी तो असतोच) पलंगावर पसरा आणि पूर्ण फ्रेम भरेल असा जवळून फोटो काढा. मग त्याच जागी काळी घोंगडी पसरून तसाच फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. टॉवेल जरा करडा आला असेल आणि घोंगडीही जरा करडी झाली असेल. नवे फोन ओळखीच्या गोष्टींच्या बाबतीत थोडे शहाणे झालेत, त्यामुळे फरक कमी-जास्त दिसेल, पण दिसेल.

असं का होतं? कॅमेरा फक्त किती उजेड आत आला तेवढंच मोजतो. समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला माहीत नसतं. म्हणून तो असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरी काढली तर मध्यम करड्या रंगाचं आहे, आणि त्या हिशोबाने फोटो उजळ किंवा गडद करतो. एरवी झाडं, रस्ता, माणसं, आकाश असं सगळं मिसळलेलं असतं, तेव्हा हा अंदाज बरोबर येतो. पण संमती कट्ट्यासमोर हजारो बाराबंद्या एकत्र आल्या की फ्रेमचा मोठा भाग पांढरा होतो. कॅमेरा म्हणतो, बापरे, किती उजेड! आणि सगळंच गडद करून टाकतो. कपडे करडे होतात आणि आधीच सावलीत असलेले चेहरे काळे पडतात. माझे दुपारचे फोटो असे गेले.

उलट, अंधाऱ्या दाराच्या पार्श्वभूमीवर एकच बाराबंदीवाला उभा असेल तर बरोबर विरुद्ध घडतं. काळोख जास्त म्हणून कॅमेरा फोटो उजळतो आणि कपडा ट्यूबलाइटसारखा पेटतो. त्यावरची चुणी, शिवण, काहीच दिसत नाही.

यावर उपाय फोनमध्ये आधीपासूनच आहे, आपण वापरत नाही एवढंच. ज्याचा फोटो हवा आहे त्याच्या चेहऱ्यावर स्क्रीनवर बोट टेकवा. फोन फोकस तिथे लावतो आणि उजेडही मुख्यतः तिथलाच मोजतो. बाजूला एक सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. बोट तसंच थोडा वेळ दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, म्हणजे मध्येच कुणी पांढऱ्या कपड्यातला आडवा गेला तरी कॅमेरा आपलं मत बदलत नाही. मिरवणुकीत हे लॉक फार कामाचं आहे.

आता खरी अडचण. दुपारच्या उन्हात चेहरा उजळला की कपडा फटफटीत होतो, कपडा सांभाळला तर चेहरा काळा पडतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. कॅमेऱ्याच्या भाषेत, जे काळं पडलंय ते नंतर एडिट करून बऱ्यापैकी उजळता येतं, पण जे पूर्ण पांढरं होऊन गेलं तिथे माहितीच उरत नाही. तिथल्या पिक्सेलने आपल्या कमाल आकड्याला हात लावलेला असतो, त्यापुढचं काही नोंदलंच जात नाही. म्हणून चेहऱ्यावर बोट टेकवून मग पट्टी किंचित खाली ओढा, बाराबंदीची शिवण जेमतेम दिसेल इतपत. राहिलेला चेहरा घरी एडिटमध्ये 'शॅडो' वाढवून उजळा.

पण याहून स्वस्त उपाय म्हणजे आपण जागा बदलणं. जानेवारीत सोलापुरात सूर्य सर्वांत वर असतो तो बारा वाजता नाही, साधारण बारा पस्तीसला. आणि तेव्हाही तो डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे झुकलेला असतो, क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर. म्हणजे दक्षिणेला पाठ करून उभं राहिलात तर ऊन तुमच्या मागून येऊन समोरच्या माणसाच्या तोंडावर पडेल. त्याने तुमच्याकडे, म्हणजे दक्षिणेकडे बघायला हवं, एवढीच अट. सेटिंगमध्ये अर्धा तास खेळण्यापेक्षा या चार पावलांनी माझं जास्त काम झालं. सकाळी मिरवणूक वाड्यातून निघते तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, तेव्हाही हाच हिशोब लावा.

शटर स्पीड: किती वेळ बघायचं

संध्याकाळचे फराटे का आले, ते समजायला थोडं गणित लागेल. घाबरू नका, भागाकारच आहे.

फोटो म्हणजे एका क्षणाचं चित्र असं आपण म्हणतो, पण तो क्षण किती लांबीचा, हे ठरवावं लागतं. कॅमेऱ्याचा सेन्सर जेवढा वेळ उजेड गोळा करतो तो वेळ म्हणजे शटर स्पीड. १/१५ म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, १/२५० म्हणजे अडीचशेवा. त्या वेळात समोरचं माणूस जेवढं सरकेल, तेवढं ते फोटोत पुसट होणार.

मिरवणुकीतला माणूस सावकाश चालला तरी सेकंदाला साधारण एक मीटर जातो. १/१५ सेकंदात तो साडेसहा सेंटिमीटर पुढे सरकतो. आता समजा तुमच्या फोटोत आडवे चार मीटर मावलेत आणि फोटो चार हजार पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एक पिक्सेल एक मिलिमीटरचा. चेहरा ६५ पिक्सेल फिसकटला. डोळा, नाक, मिशी एकमेकांत मिसळली. आज्जीला नातू ओळखू येईल कसा? १/१२५ ठेवलं तर आठ पिक्सेल, १/२५० ला चार, १/५०० ला दोन. चार पिक्सेल फोनच्या स्क्रीनवर डोळ्याला कळत नाहीत.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. लांबून अख्ख्या गर्दीचा फोटो काढताना फ्रेममध्ये चाळीस मीटर मावत असतील तर एक पिक्सेल एक सेंटिमीटरचा झाला. तेव्हा १/१०० लाही पुसटपणा एका पिक्सेलएवढाच. म्हणून लांबचे फोटो चांगले येतात आणि जवळचे हलतात. आणि माणूस आडवा जाण्याऐवजी थेट तुमच्याकडे चालत येत असेल तर फ्रेममध्ये तो फारच कमी सरकतो. मिरवणुकीच्या बाजूला उभं राहण्यापेक्षा वळणावर, ती समोरून येताना दिसेल अशा जागी उभं राहिलात तर कमी शटर स्पीडमध्येही भागतं.

शटरची सवय घरी पंख्यावर करा. मधल्या स्पीडवर फिरणारा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो असं धरलं तर सेकंदाला पाच. १/५० सेकंदात पातं ३६ अंश फिरतं, म्हणजे फोटोत पात्याचा पंखाच होईल. १/५०० ला साडेतीन अंश, पातं जवळजवळ थांबलेलं. दोन फोटो काढून बघितले की शटर स्पीड डोक्यात पक्का बसतो.

मग आयएसओ कशाला लागतो?

शटर कमी वेळ उघडलं की उजेड कमी आला. तो भरून काढायला मोठ्या कॅमेऱ्यात तुम्ही लेन्सचं तोंड, म्हणजे ॲपर्चर मोठं करू शकता. फोनमध्ये ते बहुतेक मॉडेल्समध्ये कायमचं ठरलेलं असतं, मुख्य कॅमेऱ्याला f/१.८ च्या आसपास. त्यामुळे इंटरनेटवर ॲपर्चरवर लिहिलेले अर्धे लेख आपल्या कामाचे नाहीत. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, शटर आणि आयएसओ.

आयएसओ म्हणजे सेन्सरवर आलेला सिग्नल किती वाढवायचा ते. रेडिओचा आवाज वाढवल्यासारखं. गाणं मोठं होतं तशी खरखरही मोठी होते. आयएसओ १०० चा २०० केला की तेवढ्याच उजेडात फोटो दुप्पट उजळ होतो, पण दाणेही वाढतात.

दुपारी याची गरज पडत नाही. कडक उन्हात आयएसओ ५० ठेवला तर f/१.८ च्या फोनला १/४००० च्या आसपास शटर लागतं. एवढ्या वेगात उडणारा अक्षतांचा दाणाही जागच्या जागी थांबेल. म्हणजे दिवसा पुसट फोटो आला तर शटरला दोष देऊ नका. एकतर फोकस दुसरीकडे लागलाय किंवा तुमची लेन्स मळकी आहे.

लेन्सबद्दल इथेच सांगून टाकतो. तीळगूळ खाल्लेल्या, तेल लागलेल्या बोटांनी आपण फोन खिशातून काढतो तेव्हा बोट बरोबर लेन्सवर पडतं. मग रात्री प्रत्येक दिव्याला लांब शेपट्या येतात आणि आपण म्हणतो कॅमेरा बेकार आहे. सुती रुमालाने हलकेच पुसा. फुकट आहे आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

आता रात्र. रस्त्यावरच्या दिव्यांच्या ठीकठाक उजेडात आयएसओ १०० ला साधारण १/२० सेकंद लागतो. ऑटोमध्ये फोनला दाणे नको असतात, म्हणून तो शटर असं लांबवतो. हात स्थिर असेल आणि समोर देऊळ असेल तर ते बरोबरही आहे. पण समोर माणसं चालताहेत हे त्याच्या हिशोबात पुरेसं नसतं. म्हणून प्रो मोडमध्ये जा, शटर तुम्ही ठरवा, आणि आयएसओ त्याच्या हिशोबाने वाढू द्या. १/२० चं १/१६० केलं म्हणजे वेळ आठपट कमी झाला, तर आयएसओ १०० चा ८०० करा. दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार फोटोत चेहरा ओळखू येतो, फिसकटलेल्या फोटोत येत नाही. निवड करायचीच असेल तर मी दरवेळी दाणे निवडतो.

प्रो मोड बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये 'मोअर' मध्ये लपलेला असतो. तुमच्या फोनमध्ये नसेल तर ओपन कॅमेरा हे मोफत ॲप वापरून बघा, मात्र शटर हाताने ठरवायची सोय प्रत्येक फोन त्या ॲपला देतोच असं नाही. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर ठरवता येत नाही, फक्त एक्स्पोजर कमी-जास्त करता येतं. तिथे एक युक्ती आहे. एक्स्पोजरची पट्टी खाली ओढली की फोनला कमी उजेड पुरतो, त्यामुळे तो शटरही बऱ्याचदा जलद ठेवतो. फोटो गडद येतो, तो नंतर उजळा.

एलईडीचे पट्टे

प्रो मोड शिकल्यावर मला वाटलं आता जिंकलो. गेल्या वर्षीच्या यात्रेत संध्याकाळी १/५०० ठेवून फोटो काढले तर स्टॉलसमोरच्या प्रत्येक फोटोवर आडवे काळे पट्टे. आधी वाटलं सेन्सर गेला.

तसं काही नव्हतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून तिच्यावर चालणारे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा सेन्सर अख्खा फोटो एकदम वाचत नाही, एकेक ओळ करत वरून खाली वाचतो. शटर फार जलद असेल तर काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात आणि काही मंद असताना. तेच पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक ओळीला दिव्याचा पूर्ण फेरा मिळतो आणि पट्टे जातात. म्हणजे गड्ड्याच्या स्टॉलच्या उजेडात १/१०० हा तुमचा आकडा. १/१६० लाही थोडे पट्टे दिसू शकतात, दिवे कोणते आहेत त्यावर ते अवलंबून आहे. एक फोटो काढा, बघा, मग ठरवा. १/१०० ला चालता माणूस एक सेंटिमीटर सरकतो, म्हणून त्याला एखाद्या ठिकाणी थांबताना पकडा. मिरवणूक सारखी थांबत-थांबतच जाते. पुढची मंडळी अडली की मागची थांबतात, तोच तुमचा फोटो.

जाता जाता, परदेशातले व्हिडिओ बघताना कुणी १/६० किंवा १/१२० सांगितलं तर गोंधळू नका. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यांचे आकडे तसे आहेत.

नाइट मोड आणि फ्लॅश

"एवढं कशाला, नाइट मोड लावायचा की!" असं तुम्ही म्हणाल. नाइट मोड म्हणजे फोन लागोपाठ बरेच फोटो काढतो, ते एकावर एक नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, म्हणून सरासरीत ते विरतात. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ही कल्पना फार आवडते. पण हे सगळं समोरची वस्तू जागेवर असेल तरच. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, रोषणाई, पाण्यातलं प्रतिबिंब, भुईकोट किल्ल्याचा बुरूज, यांना नाइट मोडच लावा, फोन कठड्यावर टेकवून. चालत्या माणसांना लावला तर एकतर ती पुसट होतात किंवा एखाद्याला अडीच हात येतात.

आणि फ्लॅश बंद. मोबाइलचा फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पुढे काही कामाचा नाही, पुढच्या माणसाची फक्त पाठ उजळते. शिवाय उंच नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात असतं. त्याच्या डोळ्यांवर झपकन उजेड मारू नये, हे कॅमेऱ्याचं नाही, साध्या अकलेचं सेटिंग आहे.

दारूकाम

इथे सगळे नियम उलटे होतात. आकाशात फुटणारी आतषबाजी स्वतःच उजेड आहे आणि आपल्याला तिचा फराटाच हवा असतो. म्हणून आयएसओ सगळ्यात कमी, ५० किंवा १००, आणि शटर अर्धा ते दोन सेकंद. फोन हातात धरून हे होणार नाही. छोटा ट्रायपॉड घ्या किंवा फोन भिंतीवर टेकवा, आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का निवतो. फोकस हाताने डोंगराच्या चिन्हापर्यंत न्या, नाहीतर अंधारात फोन फोकस शोधत बसतो आणि बाण फुटून जातो.

एक गोष्ट मला उशिरा कळली. रेषांचे रंग फटफटीत येत असतील तर शटर कमी करून फार उपयोग नाही, कारण ठिणगी एका पिक्सेलवरून जाते ती क्षणभरच, शटर उघडं कितीही वेळ असो. रंग वाचवायचे तर आयएसओ कमी करा. शटरने फक्त एवढंच ठरतं की एकावर एक किती बाण चढणार. आणि सुरुवातीची दहा मिनिटं सोडू नका. नंतर धूर साचतो, आणि वारा तुमच्याकडे येत असेल तर उरलेला कार्यक्रम धुराचाच फोटो होतो. वाऱ्याकडे पाठ करून बसा.

झूमबद्दल थोडं

मुख्य कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा असला तरी तो सहसा चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. यात फसवणूक नाही, चार लहान पिक्सेल मिळून उजेड जास्त गोळा होतो. पण टेलिफोटो लेन्स नसलेल्या फोनवर तुम्ही १०x झूम करता तेव्हा फोन फोटोचा मधला तुकडा कापून ताणतो. दहापट झूम म्हणजे शंभरावा भाग उरला. २x पर्यंत ठीक, पुढे चालत जा. चालत जाता येत नसेल, तर तो फोटो फोनचा नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काळविटाचे फोनवर काढलेले फोटो मी बघितलेत (माझेही आहेत), गवतात एक तपकिरी ठिपका. तिथे जवळ जायचा प्रयत्नही करू नका, दुर्बीण न्या आणि डोळ्यांनी बघा.

फोटो पाठवताना

एवढं सगळं करून शेवटी आपण फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो आणि तो दाबून लहान होतो. पाठवताना एचडी निवडा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल तशीच जाते. पण घरातल्या मोठ्या माणसांसाठी माझं मत विचाराल तर छापून घ्या. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा असतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात, म्हणजे तेरा बाय दहा इंचांपर्यंत तो स्वच्छ छापता येतो. अर्थात, कापून झूम केलेला नसेल तर.

गेल्या वर्षी मी दोन दिवसांत साठ फोटो काढले. दक्षिणेला पाठ, चेहऱ्यावर लॉक, संध्याकाळी १/१००. मिरवणूक एका वळणावर अडली, मामेभाऊ कपाळावरचा घाम पुसायला थांबला, तेव्हाचा एक फोटो आठ बाय दहा इंचांत छापून आणला. दाणे आहेत त्यात, बरेच आहेत. आज्जीने चष्मा लावला, फोटो खिडकीकडे नेला आणि म्हणाली, "वाळलाय की रे हा. जेवतो का नाही नीट?"